एकाच शहरातले दोन क्लार्क: घरगुती कॉमिक्स आणि एका सहीची गोष्ट

ज्यांना ऑफिसात इअरफोन लावता येत नाहीत किंवा ऐकण्यापेक्षा वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा लिखित भाग. बोललोय तसंच बरंचसं ठेवलंय, अडखळणं तेवढं काढून टाकलंय.

आजचा विषय घरगुती कॉमिक्स. म्हणजे कुठल्या मोठ्या कंपनीने काढलेली नाहीत, तर कुणीतरी घरी बसून, स्वतःच्या खिशातून पैसे घालून, रात्री जागून केलेली. आणि अर्थात ती करणारी माणसं.

सुरुवात एका चेकपासून करू. तारीख १ मार्च १९३८. न्यूयॉर्कच्या डिटेक्टिव्ह कॉमिक्स या कंपनीने दोन तरुणांच्या नावाने ४१२ डॉलरचा चेक लिहिला. त्यात वेगवेगळ्या कामांचे पैसे होते. एका ओळीत लिहिलं होतं, १३० डॉलर. तेरा पानांचे, पानाला दहा डॉलर या हिशोबाने. या १३० डॉलरमध्ये कंपनीने जे विकत घेतलं त्याचं नाव होतं सुपरमॅन.

सुपरमॅनची ती तेरा पानं नाही हं, अख्खा सुपरमॅन. नाव, पोशाख, लोइस लेन, पुढे येणाऱ्या सगळ्या गोष्टी, सगळं. वाटून घेतलं तर माणशी ६५ डॉलर.

हाच चेक २०१२ मध्ये लिलावात निघाला. नुसता कागद, वटवून झालेला, मागे दोघांच्या सह्या असलेला. तो गेला १ लाख ६० हजार डॉलरला!

सायक्लोस्टाईलवरचा सुपरमॅन

ही दोन मुलं म्हणजे जेरी सीगल आणि जो शूस्टर. दोघांचा जन्म १९१४ चा. दोघंही अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहरात, ग्लेनव्हिल नावाच्या शाळेत शिकत होते. क्लीव्हलंड म्हणजे एरी सरोवराच्या काठचं, पोलादाच्या कारखान्यांचं शहर. दोघांची घरं बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या ज्यू कुटुंबांची. जोचे वडील शिंपी होते. जेरीच्या वडिलांचं कपड्यांचं दुकान होतं आणि १९३२ मध्ये त्याच दुकानात चोरी होत असताना त्यांचा मृत्यू झाला. बाहेर महामंदी चालू होती.

जेरी लिहायचा, जो चित्रं काढायचा. जोकडे चांगला कागद घ्यायलाही पैसे नसायचे. सामान गुंडाळायचा कागद, भिंतीला लावायच्या कागदाची मागची बाजू, जे हाताला लागेल त्यावर तो काढायचा.

या दोघांनी शाळेत असतानाच स्वतःचं एक विज्ञानकथांचं मासिक काढलं. टाइप करून, सायक्लोस्टाईल करून, पोस्टाने पाठवायचं. तुमच्यापैकी ज्यांना सायक्लोस्टाईल माहीत नाही त्यांनी घरातल्या निवृत्त शिक्षकांना विचारा, झेरॉक्सच्या आधी शाळांच्या प्रश्नपत्रिका त्यावर निघायच्या. या मासिकाचे पाचच अंक निघाले. पण जानेवारी १९३३ च्या अंकात एक गोष्ट आली, तिच्यात 'सुपरमॅन' हे नाव पहिल्यांदा वापरलं गेलं. मजा म्हणजे तो सुपरमॅन टकला होता आणि चक्क खलनायक होता.

नंतर त्यांनी त्याला नायक केलं. लोइस लेनचा चेहरा काढण्यासाठी जोने एका मुलीला मॉडेल म्हणून बोलावलं, तिने पेपरात छोटी जाहिरात दिली होती. पुढे कित्येक वर्षांनी तिचं आणि जेरीचं लग्न झालं. थोडक्यात, सगळं घरच्या घरी चाललं होतं.

त्यांना खरं तर वर्तमानपत्रात रोज येणारी चित्रपट्टी करायची होती. त्या काळात खरा मान आणि खरा पैसा तिथे होता. म्हणून ते वर्तमानपत्रांना पट्ट्या पुरवणाऱ्या सिंडिकेटना नमुने पाठवत राहिले. नकार, नकार, परत नकार. वर्षांमागून वर्षं हेच. शेवटी १९३८ मध्ये डिटेक्टिव्ह कॉमिक्सने होकार दिला, पण त्यांना पट्टी नको होती, कॉमिकच्या पुस्तकाची पानं हवी होती. मग दोघांनी आपल्या पट्ट्यांच्या चौकटी कापल्या, पानाच्या आकारात पुन्हा चिकटवल्या आणि पाठवून दिल्या. जगातलं पहिलं सुपरहिरो कॉमिक असं कात्री आणि गोंदाने तयार झालं. 'अॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक, किंमत दहा सेंट. आज त्याची एकेक प्रत लाखो डॉलरला जाते.

आता तुम्ही म्हणाल, त्यांनी सही केलीच का? माझं उत्तर सोपं आहे. चोवीस वर्षांच्या पुढचा विचार करायची चैन त्यांना परवडत नव्हती. इतके नकार पचवल्यावर कुणीतरी हो म्हणालं आणि समोर चेक आला. सगळेच असं करायचे, पान विकलं की हक्क गेला, हाच धंद्याचा रिवाज होता.

आणि एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सुरुवातीची काही वर्षं त्यांना काम मिळालं आणि पैसेही चांगले मिळाले. क्लीव्हलंडमध्ये जोने छोटा स्टुडिओ काढला, मदतनीस ठेवले, कारण एकट्याच्या हाताने एवढी पानं होणं शक्य नव्हतं, त्यात जोची नजर आधीच अधू. पण त्या मदतनिसांची नावं छापली जायची नाहीत, छापून यायचं ते जेरी आणि जोचंच नाव. हे लक्षात ठेवा.

मग दुसरं महायुद्ध. जेरी सैन्यात गेला आणि तो तिकडे असताना कंपनीने 'सुपरबॉय' सुरू केला. ही कल्पना जेरीने आधी स्वतःच कंपनीपुढे मांडली होती. परत आल्यावर १९४७ मध्ये दोघांनी दावा लावला. पुढच्या वर्षी तडजोड झाली, वकिलांचे पैसे देऊन हातात फार काही उरलं नाही, काम गेलं आणि सुपरमॅनच्या पानावरून त्यांची नावंही गेली.

आता थेट १९७५ मध्ये येऊ. हॉलिवूडमध्ये सुपरमॅनवर मोठ्या सिनेमाची घोषणा झाली होती. त्या वेळी जेरी सीगल लॉस एंजेलिसमध्ये एका सरकारी कचेरीत क्लार्क म्हणून टायपिंग करत होता. जो शूस्टर न्यूयॉर्कमध्ये भावाकडे राहत होता, जवळजवळ आंधळा झालेला. जेरीने संतापून वर्तमानपत्रांना एक लांबलचक पत्रक पाठवलं. नील अॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन या व्यंगचित्रकारांनी प्रकरण हातात घेतलं, पत्रकारांना उभं केलं. डिसेंबर १९७५ मध्ये कंपनीच्या मालकांनी दोघांना प्रत्येकी वर्षाला २० हजार डॉलरची पेन्शन मान्य केली आणि दोघांची नावं पुन्हा छापायला सुरुवात केली. हक्क मात्र परत मिळाला नाही.

बाबागाडीतून विकलेलं कॉमिक

क्लीव्हलंडला परत यायचंच आहे, पण मध्ये एक छोटा थांबा.

१९५४ मध्ये अमेरिकेतल्या प्रकाशकांनी स्वतःवरच एक नियमावली लादून घेतली, कॉमिक्स कोड. कॉमिक्समुळे मुलं बिघडतात अशी तेव्हा देशभर ओरड होती, सिनेटमध्ये सुनावणी झाली होती. मग अंकावर कोडचा शिक्का नसेल तर वितरक माल उचलेनात. म्हणजे काय काढायचं आणि काय नाही, हे चित्रकाराने ठरवायचे दिवस संपले.

यावरचा उपाय घरातूनच आला. ऑफसेट छपाई स्वस्त झाली होती. १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत रॉबर्ट क्रंब या चित्रकाराने 'झॅप' नावाचं कॉमिक काढलं आणि तो आणि त्याची बायको ते रस्त्यावर विकायला निघाले. अंक कशात ठेवले होते माहितेय? बाबागाडीत! कोड नाही, शिक्का नाही, वितरक नाही. रेकॉर्डच्या आणि हिप्पी वस्तूंच्या दुकानांतून ही कॉमिक्स खपायला लागली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हक्क काढणाऱ्याकडेच राहायचा. क्रंबच्या त्या काळातल्या कितीतरी चित्रांवर, विशेषतः बायकांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या चित्रणावर, सडकून टीका झाली आहे आणि ती योग्यच आहे. पण कॉमिक स्वतः छापून स्वतः विकता येतं, हे त्या पिढीने दाखवून दिलं.

हा क्रंब त्याआधी कुठे होता? क्लीव्हलंडमध्ये. एका ग्रीटिंग कार्डांच्या कंपनीत नोकरी करत होता. तिथे १९६२ मध्ये त्याची एका माणसाशी ओळख झाली. जुन्या जॅझ रेकॉर्ड जमवायचं दोघांनाही वेड. त्या माणसाचं नाव हार्वी पीकर.

ज्याला चित्र काढता येत नव्हतं

हार्वी पीकर, जन्म १९३९, क्लीव्हलंड. आईवडील पोलंडमधून आलेले ज्यू, त्यांचं किराणा दुकान. हार्वी माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलात फाइल क्लार्क होता. रुग्णांच्या फायली काढायच्या, पोचवायच्या, परत लावायच्या. बस्स.

त्याला चित्र काढता यायचं नाही. अजिबात नाही. पण त्याच्या डोक्यात एक प्रश्न होता. कॉमिक म्हणजे शब्द आणि चित्र. शब्दांत काहीही सांगता येतं, चित्रात काहीही दाखवता येतं, मग दोन्ही एकत्र आले की फक्त उडणारी माणसंच का? सुपरमार्केटच्या रांगेत उभं राहणं, गाडी बर्फात चालू न होणं, ऑफिसातल्या माणसाची बडबड, यावर कॉमिक का नाही?

१९७२ मध्ये क्रंब त्याला भेटायला आला तेव्हा हार्वीने कागद पुढे केले. चौकटी आखलेल्या, आत काडीची माणसं, डोक्यावर फुगे आणि फुग्यांत संवाद. क्रंबने वाचलं आणि म्हणाला, हे मी काढतो. झालं. १९७६ मध्ये हार्वीने स्वतःच्या पैशाने पहिला अंक छापला, 'अमेरिकन स्प्लेंडर'. म्हणजे 'अमेरिकन वैभव'. नाव अर्थातच टोमणा मारणारं, कारण आत होता एका फाइल क्लार्कचा रोजचा दिवस.

छपाईला पैसे कुठून आले? रेकॉर्ड जमवण्यावर जाणारा पैसा त्याने इकडे वळवला. वर्षाला साधारण एक अंक. चित्रकारांना तो पानाचे पैसे द्यायचा. क्रंब होताच, पण बरीचशी पानं क्लीव्हलंडच्या गॅरी डम, ग्रेग बजेट अशा मंडळींनी काढली, आणि कुणी काय काढलं ते नावानिशी छापलेलं असायचं. जोच्या स्टुडिओतले बिननावाचे मदतनीस आठवतात ना? फरक तिथे आहे.

त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. हार्वीला टेलिफोन डिरेक्टरीत स्वतःच्याच नावाचा दुसरा माणूस सापडतो. एवढं विचित्र आडनाव, तरी दुसरा! पुढे काय होतं ते सांगत नाही. पण चौकटीमागून चौकट फक्त त्याचा चेहरा आहे, तो आपल्याकडे बघून बोलतोय. मारामारी नाही, धूर नाही, स्फोट नाही. तरी पान उलटावंसं वाटतं.

अंकांवर पैसे सुटायचे नाहीत, उलट पदरचे जायचे. एक किस्सा ऐका. डेलावेअर राज्यात जॉइस ब्रॅबनर नावाची बाई कॉमिक्सचं दुकान चालवायची. दुकानातला 'अमेरिकन स्प्लेंडर'चा शेवटचा अंक तिच्या वाचनाआधीच विकला गेला. म्हणून तिने थेट हार्वीलाच पत्र लिहून अंक मागवला. त्यातून पत्रव्यवहार, मग भेट, मग लग्न. पुढे हार्वीला कॅन्सर झाला, तेव्हा दोघांनी मिळून त्या वर्षावर पुस्तक लिहिलं. ते १९९४ मध्ये आलं, चित्रं फ्रँक स्टॅकची.

नोकरी सोडली नाही

आता मला जे सांगायचंय ते इथे आहे.

१९८६ मध्ये एका मोठ्या प्रकाशकाने हार्वीच्या गोष्टींचं पुस्तक काढलं. त्याला पुरस्कार मिळाला. डेव्हिड लेटरमनच्या प्रचंड लोकप्रिय टीव्ही शोमध्ये त्याला पुन्हा पुन्हा बोलावलं जाऊ लागलं. १९८८ मध्ये तर त्याने त्याच शोमध्ये बसून, चॅनेलची मालक असलेल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीवरच टीका सुरू केली. लेटरमन वैतागला आणि पुढची काही वर्षं हार्वीला बोलावणं बंद झालं.

एवढं सगळं झालं तरी सोमवारी सकाळी हार्वी फायली लावायला हॉस्पिटलात हजर. त्याने नोकरी सोडलीच नाही. २००१ मध्ये रीतसर निवृत्त झाला. त्याच्या आयुष्यावरचा सिनेमा २००३ मध्ये आला, सनडान्स महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. २०१० मध्ये हार्वी गेला.

आपण अशी गोष्ट ऐकली की म्हणतो, बिचारा, एवढं टॅलेंट आणि आयुष्यभर क्लार्कच राहिला. मला हे पटत नाही. त्याचा खरा प्रकाशक म्हणजे त्याचा पगार होता. नियमित पगार यायचा म्हणून कुणाच्याही चेकवर घाईघाईने सही करायची वेळ त्याच्यावर आली नाही. टीव्हीवर बसून चॅनेलच्या मालकाला बोलता आलं, कारण घरभाडं टीव्हीवर अवलंबून नव्हतं.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. १९७५ च्या शेवटी क्लीव्हलंडमध्ये वाढलेले दोन क्लार्क होते. एक लॉस एंजेलिसमध्ये, आपला नायक विकून बसल्यामुळे क्लार्क झालेला. दुसरा क्लीव्हलंडमध्ये, आपली गोष्ट विकावी लागू नये म्हणून क्लार्क राहिलेला. पेन्शनच्या करारानंतर काही महिन्यांतच 'अमेरिकन स्प्लेंडर'चा पहिला अंक निघाला.

हार्वीच्या वाटेला किंमत नव्हती असं नाही. कामावरून थकून यायचं आणि मग लिहायचं. वर्षाला एकच अंक. पैशाचं नुकसान. आणि जेरी-जोच्या सुपरमॅनसारखी जगभर ओळख त्याला कधीच मिळाली नाही. पण ही किंमत त्याला आधी माहीत होती आणि ती त्याने स्वतः निवडली. जेरी आणि जोला आपण किती मोठी किंमत मोजतोय हे दहा वर्षांनी कळलं.

आपल्याकडे काय?

तुम्ही म्हणाल, ही अमेरिकेची गोष्ट, आपला काय संबंध? संबंध आहे, कारण तुमच्यापैकी कितीतरी जण फोनवर पट्ट्या काढून इन्स्टाग्रामवर टाकता, मला पाठवताही. आणि कॉमिकमध्ये जोडी ही नेहमीचीच गोष्ट. आपला 'चिंटू'च बघा ना, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर, दोघांचा मिळून. १९९१ पासून मराठी घरांत रोज सकाळी चहाबरोबर आला तो. जिथे दोघं तिथे हक्काचा प्रश्न आलाच.

मी वकील नाही, इंजिनिअर आहे, पण भारताचा १९५७ चा कॉपीराइट कायदा मी बसून वाचला. साध्या भाषेत चार गोष्टी सांगतो.

एक, चित्र काढलं की कॉपीराइट आपोआप तुमचा. नोंदणी केलीच पाहिजे असं नाही. तो तुमच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो.

दोन, नोकरीचा भाग म्हणून काढलंत तर वेगळा करार नसेल तेव्हा पहिला मालक तुमचा मालक. पण कलम १७ मध्ये एक गंमत आहे. वर्तमानपत्रात किंवा मासिकात नोकरीला असताना त्यात छापण्यासाठी काढलेल्या चित्राचा फक्त नियतकालिकात छापण्याचा हक्क मालकाकडे जातो, बाकीचे हक्क चित्रकाराकडे राहतात. अर्थात करारात उलटं लिहिलं नसेल तर.

तीन, हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. किती वर्षांसाठी हे लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरतात, कुठल्या प्रदेशासाठी हे लिहिलं नसेल तर फक्त भारत. म्हणून 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे दोन शब्द करारात दिसले की थांबायचं आणि परत वाचायचं.

चार, कलम ५७. हक्क विकलात तरी 'हे मी काढलं' असं म्हणायचा अधिकार तुमच्याकडे राहतो.

माझंच सांगतो. मी आणि माझा एक मित्र मिळून पट्ट्या करतो, मी लिहितो, तो काढतो. नवीन नोकरी घेताना करारात एक वाक्य होतं, नोकरीच्या काळात जे काही तयार कराल ते कंपनीचं. 'जे काही' हे दोन शब्द मला खटकले. मी एचआरला मेल केला की घरच्या वेळात, घरच्या लॅपटॉपवर केलेली चित्रकथा यातून वगळा. उत्तर आलं, हा स्टँडर्ड फॉरमॅट आहे. दुसरा मेल, तिसरा मेल. जॉइनिंगच्या आदल्या आठवड्यात एका ओळीची पुरवणी आली. मित्र हसला, म्हणाला, अरे आपली पट्टी वाचतात चाळीस लोक! म्हटलं, जेरी-जोच्या मासिकालाही कुठे लाखो वाचक होते. मग आम्ही दोघांनीही आपापसात एक पानाचा करार केला. शब्द कुणाचे, चित्रं कुणाची, उद्या एकाने सोडलं तर काय, पैसे आले तर कसे वाटायचे. पैसे अजून आलेले नाहीत. कागद फाइलमध्ये आहे.

तर या आठवड्यात एक करून बघा. एक ए-फोर कागद घ्या, तीनदा अर्धा अर्धा दुमडा, उघडा. आठ आयत दिसतील. कागद आडवा धरून मधल्या आडव्या घडीवर फक्त मधल्या दोन आयतांएवढा काप द्या आणि घडी घाला, आठ पानांची वही तयार. त्यात तुमच्या दिवसातली एक गोष्ट काढा. चित्र येत नसेल तर काडीची माणसं चालतील, हार्वीची चालली. झेरॉक्स काढा, दहा जणांना वाटा. आणि शेवटच्या पानावर खाली तुमचं नाव आणि साल लिहायला विसरू नका. जोडीने केलं असेल तर दोघांचीही नावं.

झालं की फोटो काढून मला पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये त्यावर बोलू. हा भाग आवडला असेल तर ज्या मित्राला वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढायची सवय आहे त्याला नक्की फॉरवर्ड करा. भेटू, काळजी घ्या!